खिचडीचं आवतन

बिरामामा रोज सकाळी दाढी करतात, धुतलेलं धोतर नेसतात, टोपी चढवतात, खिशात हळद लावलेले ज्वारीचे दाणे टाकतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या खिचडीचं आवतन द्यायला बाहेर पडतात.

हे वाक्य हवं तर पुन्हा वाचा. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुन्हा विचारलं होतं. सरकारी खिचडी. शाळेत येणाऱ्या प्रत्येक पोराला जी मिळतेच, जिच्यासाठी कुणी कुणाला बोलवायचं नसतं, त्या खिचडीचं हा माणूस घरोघर आवतन देतो. लग्नाच्या पंगतीचं द्यावं तसं. दारात उभं राहायचं, आत पाऊल टाकायचं नाही, एकदा खाकरायचं आणि आवाज द्यायचा, "सोहमराव हायत का घरात? दुपारच्याला शाळंत जेवायला यायचंय. मटकीची उसळ हाय. वाट बघाय लावू नका."

सोहमराव दुसरीत आहेत. ते एका हाताने घसरती चड्डी धरून उंबऱ्यावर येतात, दुसऱ्या हातावर पिवळा दाणा घेतात आणि पाटलासारखी मान हलवतात. मामा पुढच्या दाराकडे वळतात.

मला या माणसाचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काही वाकडं लिहिलं तर तुम्ही समजून घ्याल. मी शिरूरच्या एका छोट्या संघटनेत काम करते. पोरांचं पोट, पोरांची शाळा, पोरांच्या नावाने निघालेल्या योजना पोरांपर्यंत पोचतात का, हे आमचं काम. मी पत्रकं लिहिते. बरी लिहिते. "भूक ही दयेची बाब नाही, हिशेब मागायची बाब आहे" हे वाक्य माझं आहे. ते पत्रक घेऊन मी न्हावरा आणि चौफुल्यावरून एसटी बदलत दौंड तालुक्यात उतरते, भांडगाव ते कासुर्डी पायपीट करते, घसा बसेपर्यंत बोलते. पोरं पत्रकाची विमानं करतात. मामांचा ज्वारीचा दाणा मात्र ती कंपासपेटीत जपून ठेवतात. शाळेच्या हापशाजवळ ज्वारीचं एक ताट उगवून आलंय ते कुणाच्या तरी फाटक्या खिशातून पडलेल्या आवतनाचं. माझ्या पत्रकातून आजवर काही उगवलेलं नाही.

मामा पूर्वीपासून आवतनवालेच. भांडगावापासून यवतपर्यंत कुणाच्याही घरी लग्न असो, बारसं असो की तेराव्याचं जेवण, घरोघर सांगायला मामाच. बाप मेंढरं घेऊन फिरायचा, मामांनी मेंढरं विकून थोडी जमीन केली, पण पायांची सवय सुटली नाही. कोणत्या घरी कोणत्या शब्दांत सांगायचं, रुसलेल्या भावकीला आधी कुठल्या दाराने गाठायचं, सगळं त्यांना पाठ. मग मोबाईल आले. लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर पडायला लागल्या, वर हलणारा गणपती. मामा म्हणतात, "मोबाईलनं सांगितलं म्हंजी बातमी झाली, आवतन न्हाई झालं." पण त्यांचं ऐकतो कोण. पायपीट गेली. मामी आधीच गेल्या होत्या. मुलगा रांजणगावच्या कंपनीत लागला आणि शिरूरला राहायला गेला. मामा ओट्यावर बसून राहिले. आणि एक दिवस उठून शाळेकडे गेले, मोठ्या बाईंना म्हणाले, "तुमच्याकडं रोज पंगत बसती आन् एका पोराला आवतन न्हाई. ही कुठली रीत?"

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांना वाटलं म्हातारा चार दिवस फिरेल आणि थकेल. थकला नाही. उलट शाळेत शिरला. सतरंजी सरळ रेषेत घालायची, ताटं एका दिशेने मांडायची, स्वयंपाक करणाऱ्या लक्ष्मीकाकूंच्या हातातला डाव घेऊन पंगतीतून फिरायचं. आणि आग्रह करायचा. "घ्या पाव्हणं. लाजू नका. घरच्यासारखं." पाहुण्यानं पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, हे त्यांनी पोरांना शिकवलं. लगेच ताट पुढं करणारा हावरा. नको म्हणायचं, वाढणाऱ्यानं पुन्हा विचारायचं, मग हळूच ताटावरचा हात काढायचा. पोरांना हा खेळ इतका आवडला की ती दुसऱ्यांदा वाढून घेण्यासाठीच नको म्हणायला लागली. पूर्वी पोरं पुन्हा मागायला लाजायची. घरी चूल पेटली नाही हे वर्गाला कळेल म्हणून अर्धपोटी उठायची. आता मागावंच लागत नाही, नुसतं नको म्हणायचं.

मामांशी माझं पहिलं भांडण या आवतनावरूनच झालं. मी म्हटलं, मामा, हा पोरांचा हक्क आहे. हक्काचं आवतन नसतं. तुम्ही असं बोलावत सुटलात तर त्यांना वाटेल कुणीतरी मेहेरबानी करतंय. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, जागरण-गोंधळ बघितलाय का कवा? जेजुरी त्याची, गड त्याचा, भंडारा त्याचा. तरी खंडोबाला बी गोंधळाला ये म्हणावंच लागतंय." हे त्यांचं लाडकं वाक्य. वीज गेली तरी ते हेच म्हणतात.

आता मुद्द्यावर येते. मामांच्या वस्तीच्या पलीकडे, कालव्याच्या कडेला एक गुऱ्हाळ आहे. ऊस गाळायचा, रस आटवायचा, गूळ काढायचा. कामाला उत्तर प्रदेशातली कुटुंबं, राहायला पत्र्याच्या खोल्या. त्यांची पोरं दिवसभर चिपाडाच्या ढिगावर. शाळा इतकी जवळ की खिचडीला फोडणी बसली की वास गुऱ्हाळापर्यंत जातो. पण पोरं शाळेत येत नव्हती. कागद नाहीत, आधार नाही, गाव सोडून आलेली, आज आहेत उद्या नाहीत. माझं वर्षभराचं काम ही पोरं होती. ज्या पोराचं गाव हलतं त्याच्या मागे योजना हलत नाही, ती त्याच्या जुन्या गावात नाव लावून बसते, यावर मी दोन्ही बाजूंनी छापलेलं पत्रक काढलं. पंचायत समितीत खेटे घातले. मोठ्या बाईंशी वाद घातला, कागद नंतर येतील, पोर आधी बसवा, म्हणून. अखेर बाई मानल्या. नावं लागली. तो दिवस माझा होता, आणि तो मी कुणालाही देणार नाही.

फक्त पोरं आली नाहीत.

मी रोज गुऱ्हाळावर जाऊन बजावत होते की तुमचं नाव लागलंय, जेवण तुमच्या हक्काचं आहे. बायका मान डोलवायच्या. रिंकी म्हणून एक आठ-नऊ वर्षांची पोर होती, डोळे मोठे, प्रश्न त्याहून मोठे. ती माझं पत्रक उलटंसुलटं करून बघायची आणि परत द्यायची, जणू मी ते विसरून चालले होते.

मग एका सकाळी मामा गेले. धोतर, टोपी, दाणे. पत्र्याच्या खोलीबाहेर उभे राहून खाकरले. त्यांचं हिंदी म्हणजे मराठीलाच उचकी लागल्यासारखं. "रिंकीबाई हाय का घर में? दोपहर को शाला में खाने को आने का. हम वाट देखेगा." दुपारी रिंकी आली. केस विंचरलेले, पाठीमागे धाकटी भावंडं, त्यांच्यामागे गुऱ्हाळावरची सगळी पोरं. शाळेच्या फाटकाशी थांबून तिने मूठ उघडली आणि हळदीचा दाणा दाखवला, तिकिटासारखा.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा. पण पोटात जे दुखलं ते जास्त खरं होतं. वर्षभर मी, आणि एका सकाळीत हा माणूस. आमच्या शिरूरच्या बैठकीत मी अहवाल दिला की गुऱ्हाळावरची मुलं आहाराला येऊ लागली आहेत. कुणामुळे ते सांगितलं नाही. विचारलंही नाही कुणी.

रिंकीची माझ्याशी ओळख जुनी, पण असायची मामांच्या मागे. मामा वाढत फिरायचे आणि ही त्यांच्यामागून भाताची शितं पडलीत का बघत. "मामा, नको कब बोलने का?" "मामा, लग्न में पण असंच?" महिनाभरात पोरीची मराठी माझ्या हिंदीपेक्षा बरी झाली. मी एकदा तिला विचारलं, शाळेत जेवायला का येतेस? तिला मी उत्तर पढवून ठेवलं होतं: माझा हक्क आहे म्हणून. ती म्हणाली, "आवतन होतं."

आणि मग तालुक्याहून साहेब येणार असल्याचा निरोप आला. आहार बघायला, आणि गुऱ्हाळावरच्या पोरांना खरंच मिळतो का ते तपासायला. हे महत्त्वाचं होतं. बिनकागदाची पोरं शाळेत जेवतात हे साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं असतं, तर बाकीच्या गुऱ्हाळांवरही हेच मागता आलं असतं. मी आदल्या दिवशी मामांना गाठलं. मान खाली घालून म्हटलं, मामा, उद्या गुऱ्हाळावरचं कुणी राहता कामा नये. एकही नाही. तुम्ही सांगा.

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना पहिल्यांदाच काही काम सांगत होते. त्यांना तो फार मोठा मान वाटला असावा, कारण त्यांनी आपल्या पोतडीतलं सर्वांत मोठं आवतन काढलं.

आमच्याकडे आवतनाच्या तऱ्हा असतात. एका माणसाचं वेगळं, घरटी एकाचं वेगळं, आणि सगळ्यांत मानाचं ते चूलबंद. म्हणजे आज तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी आमच्याकडेच यायचं. मामांनी गुऱ्हाळावर चूलबंद आवतन दिलं.

साहेब आले. मोठ्या बाईंनी हसून नमस्कार केला. मी फाईल काढली. तेवढ्यात कालव्याच्या कडेने रांग दिसली. पुढे रिंकी, मागे पोरं, त्यांच्यामागे डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, अंगावर धुतलेले शर्ट घातलेले पुरुष, एक काठी टेकत येणारी आजी, आणि सगळ्यांत शेवटी गुऱ्हाळाचा मालक. त्यालाही आवतन होतं. कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं हे त्यांच्याकडेही असावं, कारण रिंकीच्या आईच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेला गुळाचा खडा होता. माणसं शांतपणे आत आली, चपला ओळीने काढल्या आणि सतरंजीवर बसली. लक्ष्मीकाकूंनी पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग देवाकडे.

मी मामांना बाजूला ओढून विचारलं, हे काय केलंत? मामा म्हणाले, "तुमीच म्हणला न्हवं, कुणी ऱ्हाऊ नये?"

पण बसलेल्या माणसाला पंगतीतून उठवत नाहीत. एवढी एक गोष्ट त्या वस्तीत कुणाला सांगावी लागली नाही. पोरांना आधी वाढलं. खिचडी त्यांच्यापुरतीच होती. तोवर काकूंनी कुंपणावरून हाक मारली होती आणि शेजारच्या घरांतून भाकरी यायला लागल्या. कुणाच्या घरचं पिठलं, कुणाचा ठेचा. मामा डाव घेऊन नाचत होते, त्याला दुसरा शब्द नाही. साहेबांनाही बसवलं. साहेब म्हणाले, मी कामावर आहे. मामा म्हणाले, "पाव्हणं, आम्ही बी कामावरच हाय," आणि भाकरीवर ठेचा ठेवला. पोरं रीतीप्रमाणे नको नको म्हणत होती. ते ऐकून साहेबांनी मला हळूच विचारलं की मुलांना हा आहार आवडत नाही का. मी समजावून सांगितलं. त्यांना पटलं नसावं, पण तोंडात भाकरी होती.

जेवण झालं. साहेबांनी ढेकर दिला, हात धुतले, आणि मग ते साहेब झाले. सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, ही माणसं कुणाच्या परवानगीने आली? शाळेचा आहार म्हणजे अन्नछत्र आहे का? हा टोपीवाला कोण? मोठ्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. साहेबांनी मला विचारलं, तुमच्या संघटनेचे का हे? मी म्हटलं, नाही. त्यांचा आमच्याशी काही संबंध नाही. जे खरं होतं ते सांगितलं, आणि सांगताना बरं वाटलं, हेही खरं. साहेब म्हणाले, मग उद्यापासून बाहेरचा माणूस आहाराच्या वेळी शाळेत दिसता कामा नये.

मामांनी डाव धुतला, पालथा ठेवला आणि गेले. रिंकीच्या आईला तोवर मराठी पुरेशी कळायला लागली होती. तिने पदर पुढे ओढला. गुळाचा खडा सतरंजीवर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावरचं एकही पोर आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही. वस्तीतली पोरं येत होती, पण नको कुणी म्हणेना आणि दुसऱ्यांदा कुणी विचारेना. मी गुऱ्हाळावर गेले. आता मैदान मोकळं होतं, टोपीवाला नव्हता, हवं तेवढं बोलता येणार होतं. मी सांगितलं की साहेब मोठ्यांबद्दल बोलले, मुलांबद्दल नाही, मुलांचं जेवण कुणाला बंद करताच येत नाही. रिंकीच्या आईने ऐकून घेतलं. रागावली नाही, हेच जास्त लागलं. म्हणाली, "दीदी, हम लोग बिन बुलाए चले गए थे। अब बच्चों को किस मुँह से भेजें?"

चिपाडावर बसलेल्या रिंकीने माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी तिथून निघाले ती थेट मामांच्या घरी, भांडायला. रस्ताभर भाषण तयार होत होतं. आणि मुद्दे चांगले होते, आजही मला ते चांगलेच वाटतात. एका माणसाच्या पायावर पोरांचं जेवण उभं करायचं आणि तो माणूस बाहेर काढला की पोरं उपाशी, म्हणूनच हक्क लागतो, म्हणूनच कायदा लागतो, म्हणूनच मी उन्हातान्हात पत्रकं वाटत फिरते. हे सगळं मी मामांना ओट्यासमोर उभी राहून ऐकवलं. दाढी वाढलेली होती. चुलीपुढे एका माणसापुरती भाकरी होती, कोरडी झालेली. मामा म्हणाले, "खरं हाय ताई तुमचं."

एवढं सरळ कुणी हार मानली की भांडण पुढे रेटता येत नाही. मी म्हटलं, मग उद्या गुऱ्हाळावर जाऊन सांगा. शाळेत नका येऊ, नुसतं सांगून या.

"मी कसं सांगू? त्या शाळंचं मलाच आवतन न्हाई आता. ज्याला सोताला न्हाई त्यानं दुसऱ्याला कसं द्यायचं? रीत म्हंजी रीत."

मी रीतीला मनातल्या मनात शिव्या देत एसटी धरली. पण शिरूरपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. ऑफिसात बसून आहाराचे नियम पहिल्या ओळीपासून वाचले, भांडणाऱ्याने वाचावेत तसे. आणि सापडलं. गावकऱ्यांनी आपल्या घरचं काही आणून पोरांबरोबर पंगतीला बसावं, याला नियमांत मुभाच आहे. स्नेहभोजन म्हणतात. शाळेच्या समितीने ठरवायचं. म्हणजे चूलबंद पंगतीला परवानगी होती, फक्त ती कुणी मागितली नव्हती. मी मोठ्या बाईंना नियम दाखवला, समितीतल्या पालकांना दाखवला, साहेबांना फोन करून वाचून दाखवला. साहेब म्हणाले, नियमात बसतं तर माझी काय हरकत. मग जरा थांबून म्हणाले, त्या ठेच्यात शेंगदाणे होते का हो?

तर स्नेहभोजन ठरलं. आवतन द्यायला कोण जाणार? मी गेले. आरशासमोर सराव केला होता, हसू नका. पत्र्याच्या खोलीबाहेर उभी राहिले, आत पाऊल टाकलं नाही, खाकरले. खाकरणं फारच खोकल्यासारखं झालं आणि आतून कुणीतरी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन मी म्हटलं, उद्या दुपारी शाळेत जेवायला यायचंय. सगळ्यांनी. चूलबंद. बायका पदराआडून हसल्या. पण रिंकीच्या आईने विचारलं, "मामा आएँगे?"

येतील, मी म्हटलं.

"उनको बुलाया किसने?"

कुणी बोलावलं होतं? समितीत सगळे म्हणाले होते, मामा काय, असणारच. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, मामा येतीलच. मीही तेच धरून चालले होते.

रिंकी चिपाडावरून उतरली. तिने मराठीत सांगितलं, मला नीट कळावं म्हणून सावकाश. मामांना कुणीच बोलावत नाही. तिने त्यांना विचारलं होतं, तुम्ही पंगतीत का बसत नाही? मामा म्हणाले होते की आवतन देणाऱ्याला आवतन कुणी देत नसतं, आणि आवतनाशिवाय ताटावर बसायचं नसतं. "लग्नात पण नाही बसत. सगळ्यांना वाढतात, मग घरी जाऊन भाकरी करतात."

मला आठवलं, कासुर्डीच्या एका लग्नात मामा शेवटची पंगत उठल्यावर उपरणं झटकत एकटेच निघालेले मी पाहिले होते. मला वाटलं होतं, माजोरडा आहे म्हातारा. गावात कुणी म्हणायचं त्यांना सोवळं आहे, कुणी म्हणायचं पोट खराब. सगळा मुलूख त्यांच्या सांगण्यावरून जेवून उठला होता आणि त्यांचं ताट कुणी मांडलं नव्हतं. मी वर्षभर त्यांच्यावर जळले, त्यांचा दाणा, त्यांचा आवाज, त्यांची टोपी सगळं बघितलं. हे बघितलं नाही. ते आठ-नऊ वर्षांच्या पोरीने बघितलं.

मी लगेच मामांच्या घराकडे निघाले. रस्त्याने निघाले, कारण मला रस्ताच माहीत. आवतन मीच देणार होते. शब्द जुळवत होते. मामा, आजवर तुम्ही, आणि आता आम्ही, असं काहीतरी. पत्रकाला शोभेल असं.

पोचले तेव्हा मामा अंगणात कडुलिंबाला आरसा टांगून दाढी करत होते. गालाला साबण. बाजेवर रिंकी पाय हलवत बसली होती. ती कालव्याच्या कडेने आली होती, तो रस्ता जवळचा. आरशाखालच्या फळीवर, वाटीशेजारी, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर गुळाचा छोटा खडा होता. मामांनी आरशातूनच मला पाहिलं. "बसा ताई. जरा गडबडीत हाय. उद्या मला जेवायला जायाचंय."

मी म्हटलं, हो का. कुठे?

"आवतन हाय," ते म्हणाले आणि वस्तरा हळूच गालावरून ओढला.

खोटं कशाला बोलू, मला तेव्हाही हेवाच वाटला. एकदा तरी, एखाद्या बाबतीत तरी, मला आधी पोचायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. गुऱ्हाळ आलं, वस्ती आली, पोरं अगदी मधोमध. मामा सोहमरावांच्या शेजारी बसले, मांडी घालून, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. डाव रिंकीच्या हातात होता. पहिलं वाढून झालं आणि ती दुसऱ्या फेरीला निघाली. आधी माझ्यापाशी आली. "घ्या ताई. लाजू नका." मी रीतीप्रमाणे ताटावर हात धरला आणि म्हटलं, नको. ती पुढे गेली.

मग ती मामांसमोर थांबली. सगळी पोरं जेवायचं सोडून बघायला लागली.

"घ्या पाव्हणं. लाजू नका. घरच्यासारखं."

मामांनी दोन्ही हातांनी ताट उचललं आणि पुढे केलं.

सोहमरावांनी त्यांच्याकडे वळून हळू आवाजात सांगितलं, "मामा, आधी नको म्हणायचं असतंय."

मामा ताटाकडेच बघत होते. म्हणाले, "पयल्यांदाच आलोय, सोहमराव. मला ठावं न्हाई."

रिंकीने वाढलं. मग काही न विचारता आणखी एक डाव वाढला.